ओढ्यापासून पुढे बोलायचं नाही

“तुझ्या पोरीचा हात आनंदीबाईंच्या हातात देऊ नकोस हो,” असं जिजाबाईंनी अवंतीला फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं. नागरवाड्यातल्या त्या अरुंद जिन्यावर, हातात कोथिंबिरीची पिशवी, आवाज खाली आणून. अवंतीने ते हसण्यावारी नेलं.

कारणंही होती तिच्याकडे. जिजाबाई आनंदीबाईंच्या शेजारच्या, आणि पाण्याच्या मोटारीवरून दोघींचं पंचवीस वर्षं जमत नव्हतं. उलट आनंदीबाई म्हणजे बडोद्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या निम्म्याअधिक माणसांच्या बाई. शाळेत त्यांनी भूगोल शिकवला आणि रविवारच्या शाळेत बायबल. अवंती नऊ वर्षांची असताना तिची आई गेली, त्या अख्ख्या वर्षात दर रविवारी उपासनेआधी तिच्या वेण्या घातल्या त्या बाईंनीच. अशा बाईंविषयी कोणी जिन्यात कुजबुजावं हे अवंतीला रुचलं नाही.

“काकू, त्यांना अजून अख्खं गीतपुस्तक पाठ आहे,” ती म्हणाली.

“गाणी पाठ आहेत गं. घर पाठ राहिलेलं नाही,” जिजाबाई म्हणाल्या. “दोनदा संध्याकाळी माझ्या दारात उभ्या राहून मलाच विचारलं, नागरवाड्याला कसं जायचं म्हणून. सकाळी बघशील तर ठणठणीत. दिवे लागले की बाई निराळीच.”

अवंतीने मान डोलावली आणि खाली येऊन स्कूटी सुरू केली.

दुसरं एक कारण होतं, ते तिने कोणाला सांगितलं नाही. ती जात्याच धास्तावलेली. सानवी झाल्यापासून तर तिचे डोळे एका जागी ठरत नसत. दाराची कडी, गच्चीचा कठडा, प्लगची भोकं, द्राक्षातली बी. “तू आई नाहीस, सोसायटीचा कॅमेरा आहेस,” असं तिचा नवरा उन्मेष सारखा चिडवायचा. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलेली बाई प्रत्येक पाणीपुरीत काय बघत असेल, असं सासूबाईही हसून म्हणायच्या. तेव्हा त्या वर्षी लेंत, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला त्या बुधवारी अवंतीने मनाशी ठरवलं, की चाळीस दिवस दुसरं काही सोडायचं नाही, काळजी सोडायची. कोणी मटण सोडतं, कोणी चहा सोडतं. हिने काळजी सोडली.

आता त्या मंडळीचा एक रिवाज सांगायला हवा. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या शनिवारी तरुण संघ पाठीवर सामान बांधून जांबुघोड्याकडच्या जंगलात एका रात्रीच्या मुक्कामाला जातो. नाव तरुणांचं, पण सात वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या माणसांपर्यंत ज्याचे पाय चालतात तो जातो. शेवटच्या ओढ्यापर्यंत थट्टा, गाणी, थेपल्यांची देवघेव. ओढा ओलांडला की मौन. तिथून दोघादोघांनी जोडीने निघायचं, आणि पुढच्या जोडीची पाठ दिसेनाशी झाली की मागच्या जोडीने पाऊल उचलायचं. लहान मूल असेल तर आईबापाबरोबर नाही, मंडळीतल्या कोणा वडीलधाऱ्याबरोबर, आणि हात सुटता कामा नये. दीडेक किलोमीटरवर एक मोठा खडक आहे. सगळे तिथे पोचले की उभं राहून एका सुरात प्रभूची प्रार्थना म्हणायची. तिच्या आमेनबरोबर मौन सुटतं, मग चूल पेटते.

हा रिवाज चाळीस वर्षांपूर्वी पाडला तो आनंदीबाईंनी. पुढे पोरांनी त्यात आपली भर घातली. थोरली मुलं झाडाआड लपून धाकट्यांना नाव घेऊन हाका मारायची, रडल्यासारखं करायची, साप साप म्हणून ओरडायची. जो ‘ओ’ देईल तो हरला. दुसऱ्या दिवशीची सगळी भांडी त्याच्याकडे.

सानवीचं हे पहिलं वर्ष. सात वर्षांची ही मुलगी झोपेतसुद्धा बोलते. भर उपासनेत, पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असताना, त्यांच्या कानात केस का आहेत असं तिने खणखणीत आवाजात विचारलं होतं. म्हणून अवंतीने घरी आठवडाभर तालीम घेतली. ही स्वयंपाकघरातून हाका मारायची, आणि बैठकीत बसलेल्या सानवीने उत्तर द्यायचं नाही. पहिले तीन दिवस पोर हरली. चौथ्या दिवशी तोंडावर दोन्ही हात दाबून जिंकली.

“आई, तू हाक मारलीस तरी नाही?” तिने विचारलं.

“मी मारली तरी नाही. मी खोटं खोटं रडून मारली तरी नाही. सगळे मिळून प्रार्थना म्हणतील, तेव्हाच.”

ही शिकवण पोरीने किती मनावर घेतली ते अवंतीला पुढे कळायचं होतं.

शनिवारी ते बावीस जण निघाले; उन्मेष कामामुळे आला नव्हता. अवंतीची आई कधीच गेलेली, आणि मंडळीत आनंदीबाईंखेरीज अवंतीच्या इतकं जवळचं वडीलधारं नव्हतंच. तेव्हा जोडी ठरवताना संघाचा सचिव लक्ष्मीकांतने विचारलं, आणि अवंती पटकन हो म्हणाली. क्षणभर जिजाबाईंचा जिना डोळ्यांपुढे आला. तिने तो झटकला. काळजी सोडली होती ना.

वाटेवर बाई अगदी पहिल्यासारख्या होत्या. पळस फुललेला होता, तो दाखवून त्यांनी सानवीला विचारलं की इथली माती अशी तांबूस का, आणि उत्तर येण्याआधी स्वतःच सांगितलं. सागाची मोठाली पानं पायांखाली पापडासारखी मोडत होती. मंदामावशी, जी अवंतीची जोडीदार होती, ती दर शंभर पावलांवर थांबून म्हणायची की बरंय बाई मौन, नाहीतरी माझे गुडघेच माझ्याऐवजी बोलतात. वनखात्याच्या चौकीवर गार्डने सगळ्यांना बजावलं होतं, की तळ्याच्या बाजूला बिबट्याची मादी पिल्लं घेऊन आहे, अंधार पडल्यावर एकट्यादुकट्याने फिरायचं नाही. त्यावरही हसायला लोकांना काहीतरी सापडलंच.

ओढ्यापाशी पोचेपर्यंत उशीर झाला, तो मंदामावशीच्या गुडघ्यांमुळे. सूर्य टेकायला आला होता. लक्ष्मीकांतने बोट ओठांवर ठेवलं आणि जोड्या सुटायला लागल्या. तिसरी जोडी आनंदीबाई आणि सानवीची. पाठीवर इवलीशी निळी सॅक, डोक्यावर पिवळी टोपी, आणि बाईंच्या तळव्यात पोरीचा हात. सानवीने वळून आईकडे बघितलं, दुसऱ्या हाताने ओठांवर बोट ठेवलं, आणि दोघी वळणाआड गेल्या.

अवंती आणि मंदामावशी दहाव्या निघाल्या, तेव्हा झाडांखाली अंधार धरायला लागला होता.

खडकावर पोचल्यावर तिने टॉर्च खाली धरून बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली. माणसं डोळे मिटून बसली होती. पिवळी टोपी नव्हती. तिने पुन्हा मोजलं. अठरा, आपण दोघी धरून. लक्ष्मीकांतची शेवटची जोडी मागून यायची होती. म्हणजे वीस.

आणि इथे अवंती जे वागली, ते ती आजही स्वतःला सांगताना तोंड फिरवते. ती बोलली नाही. तिला वाटलं, बाई पोरीला शू करायला घेऊन गेल्या असतील. तिला वाटलं, आपण आता ओरडलो आणि त्या दोघी झुडपाआडून आल्या, तर सगळी मंडळी वर्षभर हसेल, आणि पोरगी म्हणेल की मी गप्प राहिले आणि आईच हरली. दहा मिनिटं, एमएस्सी झालेली, प्रत्येक गोष्टीत जंतू बघणारी ती बाई खडकावर हाताची घडी घालून उभी राहिली. लक्ष्मीकांत आला. त्याच्याबरोबर फक्त त्याचा जोडीदार पीयूष होता.

मग ती ओरडली.

पुढचा पाऊण तास ती नुसती हाका मारत होती. सगळेच मारत होते. सानू, सानवी, बाई, आनंदीबाई. माणसं चार दिशांना गेली. फोनच्या टॉर्चा झाडांमधून हलत होत्या. रेंज नव्हतीच, म्हणून पीयूष आणि आणखी एक जण गार्डला आणायला चौकीकडे धावत गेले. अवंतीला ठेच लागून नख उखडलं, ते तिला दुसऱ्या दिवशी दिसलं. प्रत्येक हाकेनंतर सगळे श्वास धरून ऐकायचे. पानं वाजायची, कुठेतरी टिटवी ओरडायची, आणि बाकी काही नाही. त्या काही नाहीचा अर्थ काय, हे कोणी तोंडावर आणत नव्हतं. बिबट्याचं नावही कोणी घेत नव्हतं, म्हणून तर तो सगळ्यांच्या मधोमध उभा होता.

अवंतीचा आवाज बसला. मंदामावशी तिला पाणी पाजायला गेली, तर तिने बाटली ढकलून दिली. आपलं पोर जिवंत असतं तर या आवाजाला ‘ओ’ दिल्याशिवाय राहिलं नसतं, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. तिने गुडघे टेकले आणि देवाला सांगितलं की माझं काहीही ने. काय काय ने, त्याची यादीसुद्धा सांगितली.

अशात वाटेच्या उजवीकडे, खाली, जाळ दिसला. एक राठवा आदिवासी बाई मोहाच्या झाडाखालची पाचोळ्याची रास जाळत होती. जमीन साफ असली म्हणजे पहाटे फुलं वेचायला सोपी जातात. लक्ष्मीकांत आणि अवंती उतारावरून जवळजवळ घसरतच तिच्यापाशी गेले. अवंतीने गुजरातीत विचारलं, म्हातारी आणि लहान मुलगी दिसली का.

“एक डोसी ने नानी छोकरी,” ती बाई शांतपणे म्हणाली, आणि हाताने खालच्या कोरड्या नाल्याकडे दाखवलं. मग तिने सांगितलं, की अंधार पडत असताना त्या गेल्या. म्हातारी भराभर चालत होती, बस चुकेल अशी. आपण दोनदा विचारलं, कुठे जाता बेन, तिकडे वाट नाही. म्हातारीने वळूनही बघितलं नाही. आणि मुलीने आपल्याकडे बघितलं, आणि असं केलं.

तिने बोट ओठांवर ठेवलं.

अवंती तिथेच खाली बसली. कोणी मारावं तशी. तालीम आठवली, स्वयंपाकघर आठवलं, तोंडावर दाबलेले ते दोन हात आठवले. मी मारली तरी नाही. मी खोटं खोटं रडून मारली तरी नाही. पाऊण तास ती रडून हाका मारत होती, आणि पोरगी कुठेतरी अंधारात बसून ते ऐकत होती, आणि आपण जिंकतोय असं समजत होती.

“हाका बंद करा,” ती लक्ष्मीकांतला म्हणाली. आवाज म्हणजे नुसता वारा येत होता. “सगळ्यांना बोलव. सगळ्यांना इथे आण. ती बोलणार नाही, लक्ष्मीकांत. आपण प्रार्थना म्हटल्याशिवाय ती बोलणारच नाही.”

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग त्याने शिट्टी मारली.

जमले ते पंधरा-सोळा जण, नाल्याच्या काठावर, जाळाच्या उजेडात. कोणाच्या अंगावर ओरखडे, कोणाची चप्पल गेलेली. लक्ष्मीकांतने सुरुवात केली आणि सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, जेवढ्या मोठ्याने म्हणता येईल तेवढ्या मोठ्याने. दर रविवारी जी तोंडातल्या तोंडात संपते, ती त्या रात्री माणसं छाती फोडून ओरडत होती. अवंतीच्या तोंडून शब्द निघत नव्हते. ती नुसते ओठ हलवत होती. आमेन म्हटलं. सगळे थांबले.

काही नाही.

मंदामावशी हुंदका द्यायला लागली, तिचं तोंड कोणीतरी दाबलं. “पुन्हा,” अवंती म्हणाली. “खाली तोंड करून. पुन्हा म्हणा.”

दुसऱ्यांदा म्हटली. दुसऱ्या आमेननंतर, बऱ्याच वेळाने, नाल्याच्या वळणाकडून, खालून, एक बारीक, झोपाळलेला आवाज आला. “आमेन.”

त्या नाल्यात पोचेपर्यंत कोण कसं उतरलं याचा हिशेब नाही. सानवी दगडाला टेकून बसली होती. आनंदीबाई तिच्याशेजारी आडव्या, एक पाय वेडावाकडा दुमडलेला, घोटा सुजून टम्म झालेला. पोरीचा हात अजून त्यांच्या हातात होता. खरं म्हणजे त्यांचाच हात पोरीच्या हातात होता. एकटी ती केव्हाच वर येऊ शकली असती. पण हात सोडायचा नाही असंही तिला सांगितलेलं होतं.

“मी एकदापण बोलले नाही,” सानवी म्हणाली. “तू किती खरं रडत होतीस. तरी नाही.” आणि मग ती बाईंकडे वळली. “आई, बाई पडल्या. बाई म्हणतात आपण घरी चाललोय.”

अवंतीने तिला उचललं, मानेत तोंड खुपसलं, हातपाय चाचपले. कुठे काही नव्हतं. आणि मग, सगळं सुखरूप आहे हे कळल्यावर, तिच्या अंगात जे चढलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. ती आनंदीबाईंवर ओणवी झाली आणि म्हणाली, “आजपासून माझ्या मुलीच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. तुम्हाला कळत होतं ना? कळत होतं, तर घरी बसायचं होतं. मेलात तरी मी येणार नाही.”

लक्ष्मीकांतने तिचा दंड धरला. बाईंनी टॉर्चच्या उजेडात डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं. शाळेत पालकांशी बोलायच्या, तशा अदबीने त्या म्हणाल्या, “ही मुलगी कोणाची हो? फार गुणी आहे. हिला कोणीतरी घरी पोचवा, आई वाट बघत असेल.”

पीयूष गार्डला घेऊन आला, आणि चौकीवरच्या खाटेवर घालून त्यांना खाली आणलं. घोट्याला प्लास्टर झालं. मंडळीत त्यावर बरंच बोलणं झालं, आणि एक यादी निघाली: आठवड्याला एका घराने बाईंकडे डबा पोचवायचा, जमेल तसं थोडं बसायचं. त्यांचं रक्ताचं असं कोणी नव्हतं. पहिले दोन आठवडे यादी नीट चालली. मग कोणाच्या परीक्षा आल्या, कोणाकडे लग्न निघालं, आणि आपण नाही तर पुढचा बघेल असं प्रत्येकाला वाटायला लागलं. चौथा आठवडा अवंतीचा होता. तिने कोणाशी अदलाबदलही केली नाही. गेली नाही, एवढंच. उन्मेषची बदली बडोद्याबाहेरच्या सावली गावातल्या प्लांटवर झाली होती, क्वार्टर मिळाली होती, सामान हलवायचं होतं. निमित्तं भरपूर होती. सानवी विचारायची, बाईंचा पाय बरा झाला का. झाला, असं ती सांगायची. ते खरं की खोटं, हे तिलाही माहीत नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी तिला सुरतहून फोन आला. जिजाबाईंचा. त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, पंधरा दिवस झाले होते. टोमणा मारायला फोन केला असेल असं अवंतीला वाटलं, पण त्यांनी मागचं काहीच काढलं नाही. त्या म्हणाल्या की मी रोज सकाळी बाईंना फोन करते, जेवल्यात का विचारते. कालपासून उचलत नाहीत. इथून मी काय करू? मला तुमच्या लोकांपैकी फक्त तुझाच नंबर माहीत आहे.

पंचवीस वर्षं मोटारीवरून भांडलेली बाई रोज फोन करत होती.

अवंतीने लावून बघितला. रिंग पूर्ण वाजून बंद पडली. पुन्हा लावला. लक्ष्मीकांत मुंबईला गेलेला, मंदामावशी गावाला, उन्मेष प्लांटवर, फोन गेटवर जमा. आत सानवीला कांजिण्या आलेल्या, अंगात एकशे दोन ताप, आणि तिला सोपवावं असं नव्या जागेत कोणी नाही. बडोद्याची बस तासाभराने. अकरा वेळा फोन लावून झाल्यावर तिने मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. दीडशे माणसं होती त्यात, सकाळी वचनं पाठवणारी, वाढदिवसाला केक पाठवणारी. तिने एका दमात लिहिलं आणि पुन्हा न वाचता पाठवलं:

“सगळ्यांना सलाम. मी अवंती, सावलीहून. आनंदीबाई कालपासून फोन उचलत नाहीत. डब्याच्या यादीतला चौथा आठवडा माझा होता आणि मी गेले नाही. मागचे तीन आठवडे कोणी गेलं असेल तर सांगा, पण मला वाटतं कोणीच गेलेलं नाही. त्याबद्दल नंतर बोलू. तुमच्यापैकी जो आत्ता नागरवाड्याच्या जवळ असेल, पाणीगेटला असेल, कुठेही असेल, हे वाचून दुसऱ्याची वाट बघू नका, निघा. दुसरा मजला, हिरवं दार. बेल बंद आहे, दार जोरात वाजवा. उघडलं नाही तर खालच्या दुकानदाराला घेऊन दार तोडा, मी भरून देईन. घरात नसल्या तर गल्लीत, बस स्टॉपवर बघा. तुम्ही कोण असं त्यांनी विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, परत सांगा. आत्ता साडेचार वाजलेत, अजून अडीच तास उजेड आहे. त्यानंतर त्यांना काही ओळखू येत नाही. कोणीतरी जाऊन बघा, प्लीज, आणि बघितलं की लगेच मला कळवा.”